मागे राहिलेलीला शब्द नाही
(चाकरमानी, गाव आणि आपली समीक्षा : व्याख्यानाचं शब्दांकन)



गागोदे बुद्रुकला बोलायचं म्हणजे सुरुवात विनोबांपासून होणार, हे तुम्ही धरूनच आला असाल. आम्हीही तिथूनच सुरुवात करतो. फक्त भूदानापासून नाही आणि गीताईपासूनही नाही. एका पुडक्यापासून करतो.

विनोबांचा जन्म या गावचा, 11 सप्टेंबर 1895 चा. आजोबा शंभूराव इथे, आई रुक्मिणीबाई इथे, आणि वडील नरहरराव नोकरीसाठी बडोद्याला. दिवाळीच्या सुट्टीत ते घरी यायचे. विनोबांनी पुढे आपल्या आठवणींत अशा एका दिवाळीची गोष्ट सांगितली आहे. आईनं मुलाला सांगून ठेवलं होतं, बाबा येताना मिठाई आणतील. बाबा आले, त्यांनी पुडकं हातात दिलं. पुडकं चपटं. म्हणजे लाडू नसणार, बर्फीबिर्फी असेल, असा अंदाज करत मुलानं ते फोडलं, तर आत पुस्तकं. मुलांसाठी लिहिलेलं रामायण आणि महाभारत. मुलगा ती घेऊन आईकडे गेला. आईचे डोळे भरून आले, आणि याहून गोड मिठाई ती काय असणार, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली.

ही गोष्ट आपण वडिलांच्या दूरदृष्टीची म्हणून ऐकतो. शाळेत तशीच सांगतात. पण जरा थांबून बघा. पुडकं बडोद्याचं, पण त्याचा अर्थ कुठे लागला? गागोद्यात. कुणी लावला? आईनं. मिठाईची वाट बघणाऱ्या पोराच्या हातात पुस्तकं पडली, तेव्हा त्याची निराशा होऊ न देता ती पुस्तकं त्याला गोड करून देण्याचं काम मागे राहिलेल्या माणसानं केलं. विनोबांनी स्वतः ही आठवण सांगताना आईचं वाक्य शेवटी ठेवलं आहे. आपण मात्र पुडकं आणणाऱ्याचं कौतुक करून पुढे जातो.

आजचं आमचं म्हणणं एवढंच आहे. परगावी गेलेल्या माणसाबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलं, गायलं गेलं. त्यातलं पुष्कळ चांगलं आहे. पण ते वाचताना आपण समीक्षकांनी नेहमी शहराच्या टोकाला उभं राहून वाचलं. शहरातून गावाला काय येतं ते मोजलं. गावातून शहराला काय जातं, हे मोजलंच नाही. आणि ते मोजलं नाही म्हणून मागे राहिलेल्या बाईला आपण रडायला तेवढं ठेवलं.

आता एक गोष्ट मान्य करून पुढे जाऊ. भाव्यांचं घर शिकल्यासवरल्या ब्राह्मणांचं. तिथे पुडक्यात पुस्तकं आली. पेण-रोह्याच्या बाकीच्या वाड्यावस्त्यांत पुस्तकांचं पुडकं येत नव्हतं. तिथे आली तर मनीऑर्डर आली, नाहीतर निरोप आला. पण रचना तीच. कर्ता पुरुष लांबच्या शहरात, आणि घर, शेत, म्हातारीकोतारी, पोरंबाळं इथे.

आधी शब्दांकडे बघू, कारण आपली समीक्षा शब्दांवर चालते. जो गेला त्याला आपल्याकडे नाव आहे: चाकरमानी. अलीकडे या शब्दात चाकर आहे, तो कमीपणा दाखवतो, म्हणून 'कोकणवासीय' म्हणा, अशी मागणी झाली. मागणीमागची भावना समजते. पण दोन्ही शब्द कुणाचे? गेलेल्याचे. त्यानं मुंबईत राहून स्वतःला काय म्हणवून घ्यावं याचा वाद. जी इथे राहिली तिला कोकणच्या बोलीत असा सरसकट चालणारा शब्द आम्हाला सापडत नाही. 'त्याची बायको', 'घरची माणसं', 'गावाकडची' एवढंच.

संस्कृत काव्यशास्त्रात मात्र तिला शब्द आहे: प्रोषितभर्तृका. जिचा नवरा प्रवासाला गेला आहे ती नायिका. आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीतही वाटसरू आणि त्याची घरी राहिलेली बायको वारंवार भेटतात. ढग दाटले की तिचा जीव कासावीस होतो. पावसाळ्यात नवरा घरी नाही, ही तिची व्यथा. सुंदर कविता आहे ती, वादच नाही. पण तो साचा आपल्या डोक्यात इतका पक्का बसला की आपण कोकणातल्या बाईकडेही त्यातूनच पाहिलं.

इथला पावसाळा आठवा. उन्हाळ्यात राब भाजून झालेला असतो. पाऊस आला की पेरणी, आवण वर आलं की चिखलणी, मग लावणी. ओणव्यानं, गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं. नंतर बेणणी. वरकस जमिनीत नाचणी, वरी. दिवाळीच्या आसपास कापणी, झोडणी. कवितेतली नायिका आषाढात दारात उभी राहून वाट बघते. इथली बाई आषाढात शेतात असते. वाट ती बघत असेलही, पण उभं राहून बघायला तिला वेळ नसतो. प्रोषितभर्तृका म्हटलं की तिची आठवण दिसते, तिचं काम दिसत नाही. हा त्या शब्दाचा दोष.

आता अण्णा भाऊ साठ्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीकडे येऊ. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ही रचना अमर शेखांच्या आवाजात गाजली. मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या मैनेला आठवतो. तिच्या रूपाचं वर्णन येतं, बोलण्याचालण्याचं येतं, निघतानाची घालमेल येते, मग मुंबईतली श्रीमंती आणि गरिबी येते. शेवटाकडे ही मैना बाई राहत नाही. महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख बनते. शाहिराची ही झेप जबरदस्त आहे. लाखो लोकांना नकाशावरची रेघ आपल्या घरातल्या ताटातुटीसारखी वाटायला लावणं सोपं नव्हे.

आमची तक्रार अण्णा भाऊंबद्दल नाही. छक्कडीनं तिचं काम चोख केलं. तक्रार आमच्याबद्दल आहे. आम्ही वर्षानुवर्षं ही रचना वर्गात शिकवली, आणि विरह, रूपक, लोकभाषेचा गोडवा या तीन खणांत बसवून मोकळे झालो. मैना गावावर राहून करत काय होती, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याला घातला नाही. तो सुचलाच नाही. मैना मुलूख झाली आणि मुलूख कसणारी बाई आमच्या वाचनातून गळून गेली.

हे 'करत काय होती' म्हणजे घरकामाची यादी नव्हे. त्याच्याशी मुंबईचं अर्थकारण जोडलेलं आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी उभी राहिली ती 1850 च्या दशकात. पुढे गिरण्या वाढल्या तसा कामगार आला तो प्रामुख्यानं रत्नागिरीतून, शिवाय कुलाबा, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. का आला? भाताचं एक पीक, तुकड्यातुकड्यांची जमीन, खोताचं देणं. खोती कायद्यानं गेली ती 1949 च्या कायद्यानंतर. तोवर तीन पिढ्या गिरणीत जाऊन आलेल्या होत्या.

हा कामगार राहायचा कसा? एका गावच्या पुरुषांनी मिळून एक खोली घ्यायची. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी. पाळीप्रमाणे झोपायचं, एक उठला की दुसरा आडवा. जेवण खानावळीत. या खानावळी चालवणाऱ्याही बहुधा कामगारांच्याच घरच्या बायका. त्यांना संघटित करायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे शहराच्या टोकालाही पुरुषाच्या पोटामागे एक बाई उभी होतीच.

गिरणीचा पगार एका माणसाचं भागेल न भागेल असा. मग त्याची पोरं वाढली कुठे? गावी. बाळंतपणं कुठे झाली? गावी. छातीत कापसाचे तंतू जाऊन माणूस खंगला, तर तो कुठे गेला? गावी. निवृत्त झाल्यावर कुठे गेला? गावी. हा सगळा खर्च गिरणीमालकाच्या वहीत कधी लागला नाही. तो या डोंगरउतारावरच्या शेतानं आणि त्यात राबणाऱ्या बाईनं सोसला. मनीऑर्डर गावाला जगवत होती हे खरं. पण गावही मुंबईला जगवत होतं, आणि त्याची पावती पोस्टातून येत नव्हती.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात याला धरूनच एक मुद्दा मांडला. गावाशी नातं ठेवणारा कामगार म्हणजे अर्धवट, कच्चा कामगार, ही समजूत त्यांनी खोडून काढली. गाव होतं म्हणून कामगार शहरात टिकला, आणि गाव होतं म्हणून तो लांबलचक संप करू शकला. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला संप आठवा. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. महिने उलटले तसे कितीतरी जण गावी परतले. तिथे त्यांना भाकरी कुणी घातली? संपाचे पुढारी आपल्याला नावानिशी माहीत आहेत. संपकऱ्याला पोसणाऱ्या शेताची मालकीण आपल्याला माहीत नाही. मालकीण म्हणतो आम्ही, पण सातबारा काढला तर तिथे नाव बहुधा संपकऱ्याचं. त्याकडे शेवटी येतो.

साहित्यातून आता दोन-तीन जागा दाखवतो, जिथे हे दुसरं टोक दिसतं.

पहिली जागा नारायण सुर्वे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं रस्त्यावर सापडलेलं मूल वाढवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचा भाग आपण जरा पटकन वाचतो. गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि पोराच्या हातावर दहा रुपये ठेवून कोकणात गावी निघून गेले. पोरगा मुंबईतच राहिला. गंगारामना आम्ही दोष देत नाही. ठरलेली रीतच ती होती, कामगारानं शेवटी गावी जायचं. पण ज्याला गाव नाही त्याला ही रीत उघड्यावर टाकते. सुर्व्यांच्या कवितेत शहर एवढं ठासून का भरलं आहे, याचं एक कारण इथे आहे. त्यांना परतायला दुसरं टोकच नव्हतं. आणि गंमत बघा, 'डोंगरी शेत माझं गं' हे डोंगरउतारावर राबून थकलेल्या बाईचं गाणं लिहिलं ते याच गाव नसलेल्या कवीनं. त्यात बाई वाट बघत नाही. ती कामाचा हिशेब मांडते. स्त्रियांच्या चळवळीनं ते गाणं उचललं, सभांमधून गायलं. आम्ही समीक्षकांनी मात्र सुर्वे म्हटलं की 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि 'माझे विद्यापीठ' यांवर प्रबंध लिहिले, आणि हे गाणं गाण्याच्या कप्प्यात ठेवून दिलं.

दुसरी जागा दलित आत्मकथनांची. दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं. त्यातला दगडू मुंबईचा कावाखाना आणि गाव यांच्यात ये-जा करत वाढतो. तिथे गाव म्हणजे माया, गाव म्हणजे माहेर, असा सूर लावताच येत नाही. गावी परतणं म्हणजे गावकुसाबाहेर परतणं. चाकरमानी म्हणून शहरात जरा ताठ झालेल्या माणसाला गावात पुन्हा वाकायला लागणं. म्हणून 'गावाची ओढ' असा सरसकट शब्द आपण वापरतो तेव्हा विचारायला हवं, कुणाच्या गावाची? आणि गावातल्या कोणत्या आळीची?

तिसरी जागा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. उर्मिला पवारांचं 'आयदान', 2003. रत्नागिरीजवळच्या गावातलं बालपण. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला चालत जाणाऱ्या बायका. वडील गेल्यावर बांबूची आयदानं विणून घर चालवणारी आई. पुढे लेखिका मुंबईला येते, नोकरी करते, शिकते, चळवळीत पडते. म्हणजे हीसुद्धा परगावी गेलेलीच. पण ती गावाकडे बघते तेव्हा तिला आधी काय दिसतं? आईचे हात. विणणारे. आपलं लिहिणं आणि आईचं विणणं यांची जात एक आहे, असं ती म्हणू शकते, कारण तिनं मागे राहिलेलीला आधी कामकरीण म्हणून पाहिलं, मग आई म्हणून. प्रोषितभर्तृकेचा साचा इथे मोडतो. मोडायला तिथेच वाढलेल्या मुलीला लिहावं लागलं.

कुणी म्हणेल, ही सगळी कोकणची खास भानगड. तसं नाही. आयर्लंडकडे बघा. 1845 पासून बटाट्याचं पीक करप्यानं गेलं, काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि निदान तेवढीच देश सोडून गेली. त्यानंतरही जाणं थांबलं नाही. बोस्टन, न्यूयॉर्क या शहरांत एकेका परगण्याचे संघ उभे राहिले, आपल्या 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई'सारखेच. अमेरिकेहून पत्रं येत, पत्रात पैसे किंवा पुढच्या भावंडाचं तिकीट. फरक दोन. एक, समुद्र एवढा मोठा की गेलेला बहुधा परत येत नसे. म्हणून निघायच्या आदल्या रात्री घरी सगळे जमायचे, जसे मयताच्या घरी जमतात तसे. जिवंत माणसाचा निरोप मयताच्या रीतीनं. आपल्याकडे चाकरमानी शिमग्याला येतो, गणपतीला येतो. निरोप एकदाच द्यायचा नसतो, दरवर्षी द्यायचा असतो. दुसरा फरक, आयर्लंडातून जाणाऱ्यांत जवळजवळ निम्म्या बायका होत्या. आपल्याकडे बाई मागे राहिली.

कोल्म टोबीन या आयरिश लेखकाची 'ब्रुकलिन' नावाची 2009 ची कादंबरी आहे. आयलिश नावाची तरुणी एनिस्कॉर्थी गाव सोडून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला जाते. कादंबरी तिचीच. पण ती जाऊ शकते कुणामुळे? थोरल्या बहिणीमुळे. रोझ कमावते, आईजवळ राहते, धाकटीच्या जाण्याची जुळवाजुळव करते, आणि गावातच अकाली मरते. धाकटीला जे आयुष्य मिळालं त्याची किंमत थोरलीनं मागे राहून दिलेली आहे. लेखकानं हे रडगाणं न करता लिहिलं. वाचताना प्रश्न पडतो, की आपल्याकडच्या रोझ कोणत्या? आणि त्या आपण वाचल्या का?

आपल्याकडे तर या नात्याची किंमत समुद्रानंही वसूल केली आहे. 17 जुलै 1947, आषाढ अमावास्या. 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यातली कितीतरी सणाला घरी निघालेली. या किनाऱ्यावरच्या घरांत त्या दिवसाच्या गोष्टी अजून सांगतात. भर आषाढात, खवळलेल्या समुद्रातून एका दिवसासाठी घरी यायला निघणं, हे नातं कसलं असेल! त्याला नुसतं 'ओढ' म्हणून भागत नाही. दरवर्षी परत येऊन आपला वाटा, आपली जागा, आपलं माणूसपण गावात पक्कं करून घ्यायची ती गरज होती. आणि ती जागा वर्षभर सांभाळून ठेवणारं कुणीतरी घरी होतं.

मग समीक्षेनं करायचं काय? आम्ही स्वतःसाठी तीन साधे प्रश्न लिहून ठेवले आहेत. परगावी गेलेल्या माणसाची कुठलीही कविता, कथा, नाटक हातात आलं की विचारायचं: मागे राहिलेलं माणूस यात काम करतं का, की नुसती वाट बघतं? ते स्वतः बोलतं का, की त्याच्याबद्दल बोललं जातं? आणि घर, शेत कुणाच्या नावावर आहे?

तिसरा प्रश्न साहित्याचा नाही, असं वाटेल. आम्हाला तो साहित्याचाच वाटतो. पेणपासून रोह्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक बघा. 'निसर्गाच्या कुशीत', 'आपल्या मातीत परत या', 'हक्काचं गावचं घर'. ही प्लॉटच्या जाहिरातीची भाषा आली कुठून? आमच्याच कवितांतून आणि आमच्याच समीक्षेतून. गाव म्हणजे आठवण, गाव म्हणजे हळवेपणा, असं आपण शंभर वर्षं सांगितलं. ज्या जमिनीत कुणी राबतच नाही, नुसती आठवण राहते, ती विकायला सोपी असते. सही करायला मुंबईचा वारस येतो. जिनं त्या जमिनीत चाळीस पावसाळे काढले तिची सही पुष्कळदा लागतच नाही, कारण तिचं नाव कागदावर नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत शेतकऱ्यांना हेच सांगितलं होतं, जमीन बायकोच्या नावावर करून द्या. शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याला जे दिसलं ते आम्हा समीक्षकांना दिसायला एवढा वेळ लागावा, याची लाज वाटते.

आणि हे या गावात बोलतो आहोत, याचंही भान आहे. इथला एक मुलगा वडिलांच्या पाठोपाठ बडोद्याला गेला, तिथून कुठच्या कुठे गेला, आणि 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत पहिलं भूदान घेऊन पुढे देशभर जमीन मागत चालत राहिला. जमीन कुणाची, हा प्रश्न त्यानं पायी हिंडून विचारला. आपण निदान पुस्तकांना तरी तो विचारू.

शेवटी एक काम सांगतो, ऐकणाऱ्यांना आणि हे नंतर वाचणाऱ्यांनाही. तुमच्या घरी जुनी ट्रंक असेल. त्यात मुंबईहून गावी आलेली पत्रं, मनीऑर्डरची कुपनं निघतील. जपलेली असतात, कारण ती गावच्या घरात आली आणि गावच्या घरात जपायला माणूस होतं. गावाहून मुंबईला गेलेली पत्रं मात्र सापडणं कठीण. सामाईक खोलीत एका ट्रंकेच्या जागेत राहणाऱ्यानं ती कुठे ठेवायची? आणि बहुतेक बायकांनी ती दुसऱ्याकडून लिहून घेतलेली, त्यामुळे मनातलं सगळं त्यात आलंच असेल असंही नाही. म्हणजे या पत्रव्यवहाराची अर्धी बाजू कागदावर नाही. ती माणसांच्या तोंडी आहे. घरात आजी असेल, आत्या असेल, काकू असेल, तर तिच्यापाशी बसा. बाबा काय पाठवायचे, हे विचारूच नका, ते ती सांगेलच. तू काय पाठवायचीस, ते विचारा. तांदूळ सांगेल, कुळीथ सांगेल, आगोटीची सुकी मासळी सांगेल. मग थोडं थांबेल, आणि पुढचं सांगेल. ते लिहून घ्या. लिहून झालं की तिचं नाव घाला, आणि जमलं तर सातबाऱ्यावरही बघा, ते आहे का.

इतकंच. आता तुमचे प्रश्न घेऊ. सुरुवात मागच्या बाजूला बसलेल्या बायकांपासून करू या.